बिनघाईची खिडकी

परदेशातून माणसं काय काय आणतात. कोणी अत्तर आणतं, कोणी चॉकलेटं, कोणी नुसतीच सर्दी घेऊन परत येतं. पाणीखात्याच्या मॅडमनी एक खिडकी आणली. बॅगेत घालून नव्हे, डोक्यात घालून.

खात्याने त्यांना प्रशिक्षणासाठी तिकडे धाडलं होतं आणि विषय होता गळके पाइप. दिवसभर पाइप बघून बघून डोळ्यांपुढे पाइप नाचायला लागले, तेव्हा त्या जरा टेकायला म्हणून तिथल्या बिलं भरायच्या हॉलमध्ये जाऊन बसल्या. शेवटच्या खिडकीवर पाटी होती, 'ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी'. एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी बिल भरलं आणि खिडकीतल्या मुलीला आपल्या मांजरीच्या पोटदुखीची गोष्ट सांगत बसले. मुलगी मन लावून ऐकत होती. मागे उभा असलेला माणूसही खुशाल होता. मॅडमनी चौकशी केली, तर म्हणे हे सरकारी धोरण आहे. एकटी पडलेली माणसं लवकर आजारी पडतात, बोलती राहिली की बरी राहतात, म्हणून दर गावात अशी एक खिडकी. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाइप राहिले बाजूला, त्यांना घरचे अप्पा आठवले.

अप्पा म्हणजे मॅडमचे वडील. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली, आणि चढणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलल्याशिवाय कधी तिकीट फाडलं नाही. निवृत्त झाल्यावर हा सगळा साठा आईच्या वाट्याला आला. आईही काही कमी नव्हती. दोघांची सकाळी जी जुंपायची ती दिवे मालवेपर्यंत, आणि विषय काय, तर पंखा एकवर ठेवायचा की दोनवर. मग आई गेली, आणि अप्पांच्या तोंडाला कुलूपच लागलं. काही विचारलं तर 'हं', न विचारलं तर तेही नाही. मॅडम लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, त्यामुळे घरात दोघंच, आणि घर इतकं गप्प की पाल चुकचुकली तरी दोघंही दचकायची. बोलायचं थांबलेला माणूस उद्या जेवायचाही थांबेल, ही धास्ती मॅडमच्या मनात घर करून बसली होती. खिडकी हवी होती ती अप्पांसाठी. पण हे ऑफिसात कोण सांगेल? त्यांनी आपला गावाच्या आरोग्याचा मुद्दा पुढे केला.

मोठे साहेब म्हणाले, तिकडचं तिकडेच शोभतं. मॅडमनी पिच्छा सोडला नाही. शेवटी साहेब कंटाळले आणि म्हणाले की महिनाअखेरपर्यंत चालली तर ठीक, नाही तर खिडकीला फळी ठोकायची आणि तिथे फायलींचं कपाट ठेवायचं. कपाटाची मागणी त्यांनी त्याच दिवशी नोंदवून टाकली. माणूस धोरणी, त्याला काय बोलणार.

मॅडमनी मग नक्कल अशी केली की काना-मात्राही सोडला नाही. तशाच पिवळ्या खुर्च्या, तशीच फुलदाणी, पाटीवर शब्दाला शब्द. सुताराने बिचाऱ्याने दोनदा विचारलं की बाई, टेबल एवढं उंच नक्की हवंय ना. मॅडमनी त्याच्यापुढे फोटो धरला. तिकडची माणसं ताडमाड, आपली बेताची. पहिल्याच दिवशी एक आजी पलीकडे येऊन उभ्या राहिल्या तर अलीकडून नुसतं कपाळच दिसलं. कपाळाशी काय गप्पा मारणार? आजी शौचालय कुठे आहे ते विचारून निघून गेल्या आणि टेबलाचे पाय कापावे लागले.

खिडकीत बसवला होता रेडिओला. हा वसुली विभागातला कारकून. त्याचं खरं नाव आठवायला पगार काढणाऱ्यालाही डोकं खाजवावं लागे. एकदा सुरू झाला की बंद व्हायचं बटण नाही, म्हणून रेडिओ. विभागाने त्याला अगदी आनंदाने निरोप दिला होता. पण टेबल कापलं, फुलं बदलली, तरी खिडकीकडे चिटपाखरू फिरकेना. लोक यायचे, पाटी वाचायचे आणि समोरच्या रांगेत जाऊन घाम पुसत उभे राहायचे. रेडिओचं तोंड एवढंसं झालं. जन्मात पहिल्यांदा त्याला कोणीतरी विचारलं की बरं नाही का, गप्प का.

मॅडमनी रांगेतल्या एका आजींना समजावून पाहिलं की तिकडे बसा, खुर्ची आहे, कोणी घाई करणार नाही. आजी अशा उसळल्या की बघत राहावं. त्यांचं घर म्हणे मुलांनी-सुनांनी भरलेलं होतं. त्या खिडकीत बसलेलं शेजारणीने पाहिलं तर ती गावभर करील की हिला घरात कोणी विचारत नाही. मागचे निवृत्त मास्तर म्हणाले, आपल्याला फार घाई आहे. कशाची ते त्यांनाही सांगता आलं नाही. आता मला सांगा, आपल्याकडे बिनघाईचा माणूस म्हणजे कोण? एक तर ज्याला कोणी नाही तो, नाही तर बिनकामाचा. आणि हे दोन्ही शिक्के स्वतःच्या पायांनी चालत जाऊन कपाळावर मारून घ्यायला कोण जाईल?

हे कळूनही मॅडमनी घरी तीच चूक केली. सहज टाकल्यासारखं बिल अप्पांपुढे ठेवलं आणि म्हणाल्या की जमलं तर भरून या, शेवटच्या खिडकीवर गर्दी नसते. अप्पांनी बिलाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"मी अजून इतका पडीक झालेलो नाही," ते म्हणाले.

कितीतरी दिवसांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य. ते उठून खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

महिना सरत आला. ते कपाट येऊन व्हरांड्यात उभं राहिलं, साहेब जाता-येता त्याच्यावर प्रेमाने हात फिरवू लागले. अशात एका दुपारी एक काकू तणतणत आल्या. त्यांच्या घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा लुकलुकत होता. वरच्या मजल्यावरचा तक्रार विभाग जेवायला गेला होता, आणि खाली रेडिओ माश्या मारत बसलेला.

"तुम्ही रिकामेच दिसताय, तुम्हीच ऐका," म्हणून काकूंनी खुर्ची ओढली.

दिव्यापासून सुरू झालेली गाडी शेजाऱ्याच्या झाडावर गेली, तिथून सुनेच्या फोनवर, तिथून गुडघ्यांवर, आणि मग गेलेल्या नवऱ्यावर. तो असता तर शिडी लावून दिवा स्वतःच नीट केला असता. तिथे काकूंनी डोळे पुसले, रेडिओनेही पुसले. दिव्याचा आणि पाणीखात्याचा संबंध काय, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. काकू उठल्या तेव्हा चेहरा असा फुलला होता की जणू गावाला जाऊन आल्यात. म्हणाल्या, बरं झालं, कोणाला तरी चांगलं सुनावलं. दुसऱ्या दिवशी नवी तक्रार घेऊन हजर.

मॅडम आपल्या दारातून बघत होत्या, आणि त्यांच्या डोक्यात ट्यूब पेटली. आपला माणूस मरेल, पण मी एकटा आहे असं म्हणणार नाही. तक्रार मात्र तो अर्ध्या झोपेतून उठून करील. तक्रारीत कमीपणा नाही, उलट तोरा आहे. मी माझ्यासाठी थोडाच आलोय, गावाच्या भल्यासाठी आलोय. तिकडे मांजरीची गोष्ट सांगून मन हलकं करतात, इकडे खात्याला चार शब्द सुनावून. औषध तेच, फक्त ते घ्यायचं कशाबरोबर ते इथल्या जिभेला विचारायला हवं होतं.

साहेबांना हे पटायला वेळ लागला. ते म्हणाले, बाई, लोक तक्रारी विसरून शांत बसलेत, कशाला आग्यामोहोळाला दगड मारता. मॅडम म्हणाल्या की जे दुरुस्त होण्यासारखं असेल ते वर पाठवू, बाकीचं फक्त ऐकायचं आहे. साहेबांनी व्हरांड्यातल्या कपाटाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

नवी पाटी लागली. 'तक्रार ऐकली जाईल. कितीही लांब असो.'

दुसऱ्या दिवशी रांग फाटकापर्यंत गेली. पहिले आले ते घाईवाले मास्तर, आजकालच्या मुलांचं अक्षर हा विषय घेऊन. पाठोपाठ भरल्या घरच्या त्या आजी, गाव हल्ली फार मोठ्याने बोलतं अशी तक्रार त्या फार मोठ्याने करत. खुर्च्या पुरेनात, तेव्हा लोक रांगेतच एकमेकांना तक्रारी ऐकवू लागले. पुष्कळांचं काम खिडकीपाशी पोचायच्या आतच झालं. एका दुपारी मोठे साहेबच रेडिओसमोर बसलेले दिसले. घरात माझं कोणी ऐकत नाही, असं काहीसं चाललं होतं. कपाट परत गेलं.

सगळं गाव बोलू लागलं, अप्पा मात्र नाहीत. शेजारीपाजारी मॅडमना थांबवून शाबासकी देत, आणि घरी पाऊल टाकलं की तेच 'हं'. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मॅडमना वाईट वाटायचं, रागही यायचा, आणि दोन्ही गिळून त्या लॅपटॉप उघडून बसायच्या.

मग एके दिवशी रेडिओचा घसा बसला. डॉक्टरांनी त्याला चक्क बोलायची बंदी केली. रांग तर लागलेली, म्हणून मॅडम स्वतःच खिडकीत बसल्या. एका बाईंचं गाऱ्हाणं संपवून, पाण्याचा घोट घेत, मान वर न करता त्या म्हणाल्या, पुढचे कोण, या. खुर्ची सरकली. समोर अप्पा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस.

"बाई, तक्रार आहे," अप्पा म्हणाले. अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं.

मॅडमनी हातातलं पाणी खाली ठेवलं. "बोला. कोणाविरुद्ध?"

"मुलीविरुद्ध."

मागची रांग अर्धं पाऊल पुढे सरकली.

"हुशार आहे," अप्पा सांगू लागले. "मोठ्या हुद्द्यावर आहे. घरी आली की विचारते, जेवलात का, गोळी घेतली का. मी हं म्हणतो, आणि ती आत जाते. 'हं'च्या पुढे तिने कधी विचारलंच नाही. तिची आई गेली तेव्हा मी एकटाच गप्प झालो नाही, बाई, तीही झाली. पण पाटी लावली ती माझ्यासाठी."

मॅडमना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दमणूक होती, फायली होत्या, अप्पांना त्रास नको म्हणून आईचा विषय टाळणं होतं. पण खरं कारण त्यातलं एकही नव्हतं. आईचं नाव कोणी काढलं तर आपण रडू याची भीती त्यांना स्वतःलाच वाटत होती, आणि हे त्यांना आत्ता, भर रांगेसमोर, कळलं. मागून दिव्यावाल्या काकू म्हणाल्या की मुलींचं असंच असतं. मास्तर म्हणाले, मुलीचीही बाजू ऐकायला हवी. तेवढ्यात मॅडम रडायला लागल्या.

"तक्रार खरी आहे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "काय कारवाई करू, सांगा."

"आधी ऐकून तर घे," अप्पा म्हणाले, आणि 'बाई'चं 'तू' कधी झालं ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. "लांब आहे."

मॅडम उठल्या, खिडकीला वळसा घालून बाहेर आल्या आणि अप्पांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. अप्पा आईबद्दल बोलू लागले. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत ती नर्सला कशी दटावायची, आणि आपल्यामागे हे दोघं काय दिवे लावणार याची चिंता कशी करायची, ते सगळं. रांगेतलं कोणी हललं नाही. मधूनच लोक हसत होते, मॅडमही हसत होत्या, आणि अप्पा जुन्या बसमध्ये उभे राहावेत तसे सगळ्यांकडे वळून वळून बोलत होते.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाली. अप्पा म्हणाले, बाजारातून जाऊ, तो रस्ता जवळचा. मॅडम म्हणाल्या, काहीतरीच काय, नदीकाठचा जवळचा. अप्पा म्हणाले, मला रस्ते शिकवू नकोस. मॅडम म्हणाल्या, तुमचे रस्ते बसचे, पायी चालायचे वेगळे. दोघांचे आवाज चढले, दोन माणसं वळून बघायला लागली, आणि भांडता भांडता अप्पा एकदम थांबले.

"अगदी तिच्यासारखी भांडतेस," ते म्हणाले.

मॅडम म्हणाल्या की विषय बदलू नका. मग दोघं नदीकाठाने गेली, आणि बाजारातून गेलो असतो तर एव्हाना पोचलोही असतो, हे अप्पा घराचं कुलूप उघडेपर्यंत सांगत होते.