कमरेची डबी

थोरल्याला धीर म्हणून कसा तो नाहीच. घड्याळं दुरुस्त करून करून त्याला खोडच लागली होती, वस्तू दिसली की उघडून बघायची. ऐन थंडीत आईनं मिरचीचं बी पेरून कुंड्या फ्रिजवर उबेला ठेवल्या, तर हा रोज सकाळी डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं माती उकरायचा. नवव्या दिवशी त्या चिमट्यानंच कोवळी मुळं तुटली. वर म्हणतो कसा, "मी फक्त बघत होतो गं!"

ते बी तिच्या आईच्या हातचं, चाळीस वर्षं दरसाल राखलेलं. परसातली झाडं यंदा थंडीनं करपून गेली होती. पुडीत पाच दाणे उरले होते, आणि सगळा वंश आता त्या पाचांवर.

ती रडत बसली नाही. तिनं दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून डबीत घातले आणि डबी कमरेला खोचली. निजतानासुद्धा काढली नाही.

सून हसली, "अहो आई, अंडी उबवताय का?"

"उबवतेय. तुझ्या नवऱ्यालाही असंच जपलं, पण तो कच्चाच राहिला."

अकराव्या दिवशी तिनं डबी उघडली. चार दाण्यांना पांढरे मोड आले होते. ते तिनं मातीत लावले आणि कुंड्या पुन्हा फ्रिजवर ठेवल्या. थोरल्याचा हात खिशातल्या चिमट्याकडे गेला. तिनं चिमटा काढून घेतला आणि डबीच्या जागी आपल्या कमरेला खोचला.

"बंद पडलेलं घड्याळ उघडतात, बाळा. हे चालू आहे."