लाभ, दोन, तीन

उस्मानपुऱ्यातल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. मे महिन्याच्या शेवटी मनकर्णाबाई भाजी घेऊन वर येत असताना एकेचाळिसाव्या पायरीवर त्यांचा उजवा गुडघा अडला. त्यानंतर त्या दोनदाच खाली गेल्या, दोन्ही वेळा दवाखान्यात, आणि दोन्ही वेळा शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. गुडघ्यापेक्षा ते त्यांना जास्त लागलं.

जुलैच्या सुरुवातीला पुण्याहून मुलाचा, शिवराजचा फोन आला. "आई, आमच्याकडं लिफ्ट आहे. महालक्ष्म्यांना येतो, तेव्हा तुम्हा दोघांना घेऊनच जातो. फ्लॅट भाड्यानं देऊन टाकू."

वडील, काकासाहेब, "बघू" म्हणाले. फोन बंद झाल्यावर मनकर्णाबाई म्हणाल्या, "बघू काय बघू? पुढच्या साली महालक्ष्म्या कुठं बसवायच्या? त्याच्या टीव्हीखाली?"

महालक्ष्म्यांना सात आठवडे होते. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या अपेक्षा मॅडमनी तेवढीच मुदत सांगितली. मांडीत ताकद आली तर पायऱ्या जमतील. रोज वीस मिनिटं, खुर्चीला धरून. "नुसतं करायला कंटाळा येतो, आजी. आवडेल असा व्हिडिओ लावा आणि त्याच्याबरोबर करा."

व्हिडिओ निवडण्याचं काम काकासाहेबांकडे आलं. लासूर स्टेशनच्या बाजारात ते एकतीस वर्षं मापाडी होते. शेतकऱ्याचा माल मोजून देणं हे काम. त्यामुळे कुठलीही गोष्ट पारखल्याशिवाय घ्यायची नाही, ही सवय. रोज सकाळी आठला ते मोबाइल तुरीच्या डब्याला टेकवून ठेवत आणि शेजारी खुर्ची मांडून बसत.

पहिला व्हिडिओ सूनबाईंनी, सायलीने पाठवला होता. त्यातली मुलगी उड्या मारत होती.

"हिला गुडघे हायत का नाय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"खाली देशपांडे राहतात. तू उडी मारली तर त्यांचा पंखा पडंल," काकासाहेब म्हणाले आणि तो व्हिडिओ संपला.

दुसरा मराठी होता. त्यातल्या बाई फार गोड बोलत. "आता किती हलकं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

"नाय वाटत," मनकर्णाबाईंनी उत्तर दिलं. तीन दिवस त्या रोज हेच उत्तर देत राहिल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "दुसरी बघा. हिला खोटं बोलायची सवय हाय."

तिसऱ्यात हिंदी गाण्यांवर बायकांचा घोळका नाचत होता. तो त्यांना इतका आवडला की त्यांनी चहा घेऊन, पदर सावरून, बसून तो अख्खा पाहिला. दुसऱ्या दिवशीही पाहिला.

"अगं, करायचं असतं ते."

"करतील की त्या. चांगल्या करत्यात."

चौथा व्हिडिओ जुलैच्या शेवटी सापडला. शांत आवाजाची, मोजकं बोलणारी शिक्षिका. मनकर्णाबाई तिला मॅडम म्हणू लागल्या, तिच्यासमोर केस विंचरून बसू लागल्या. सगळं जमून आलं असताना एके दिवशी मॅडमनी पाय सरळ वर उचलायला सांगितलं आणि मध्येच जाहिरात लागली. एक संपली, दुसरी लागली. मनकर्णाबाईंचा पाय वरच. मांडी थरथरत होती.

"पाय खाली घे की," काकासाहेब म्हणाले.

"मॅडमनी कुठं सांगितलंय?"

"मॅडम गेल्या. ही जाहिरात हाय."

"येतील ना त्या. काय म्हणतील?"

मॅडम परत आल्या तेव्हा पाय आखडला होता. मोबाइलकडे धावून जाहिरात पुढे ढकलायचं काकासाहेबांना सुचलंच नाही, कारण ते स्वतः बायकोचा पायच बघत बसले होते. पुढचे सहा दिवस गुडघ्याला शेक आणि व्यायाम बंद. सातव्या दिवशी मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोराला सांगा, येतो आम्ही पुण्याला म्हणून."

काकासाहेबांनी फोन हातात घेतला, पण शिवराजला लावला नाही. दिवसभर चष्मा लावून व्हिडिओ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी आठला त्यांनी पुन्हा डब्याला मोबाइल टेकवला.

त्यात कुठल्यातरी परदेशातलं म्हातारं जोडपं खुर्च्यांवर बसून व्यायाम करत होतं. आजीबाई डावा पाय उचलायच्या, आजोबा हमखास उजवा.

"हा बाबा रोजच चुकतो का?" मनकर्णाबाई जरा पुढे सरकल्या.

"सगळा व्हिडिओ चुकतो. मी पुरा बघितला."

"अन् ती काय बोलत नाय त्याला?"

"शिक तिच्याकडून."

त्या हसल्या. पण आकडे इंग्रजीत होते आणि भराभर होते. काकासाहेबांनी आवाज बंद केला. "उचल पाय. मी मोजतो. जाहिरात आली तर माझं ऐकायचं." आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. "लाभ रे लाभ, लाभ... दोन रे दोन, दोन..."

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुढचं माप भरेपर्यंत आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. हे काकासाहेब वडिलांकडून शिकले होते. बाजारात पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी त्यांची जीभ तीच राहिली.

"तिसऱ्याला थांबलात का?" मनकर्णाबाई पाय वर धरून म्हणाल्या.

"माप भरायचंय अजून. पाय वाकडा हाय."

त्यांनी पाय सरळ केला. काकासाहेबांनी चार म्हटलं. दहा झाल्यावर ते म्हणाले, "अन् एक वरचं."

"अपेक्षा मॅडमनी धाच सांगितलेत."

"वरचं माप मापाड्याच्या खुशीचं. उचल."

त्यानंतर व्हिडिओ बदलला नाही. आजोबा चुकले की मनकर्णाबाई "गेला बिचारा" म्हणत आणि स्वतःचा पाय नीट उचलत. ऑगस्टच्या मध्यावर त्या खुर्ची न धरता उठल्या. मग जिना सुरू झाला: एक मजला खाली, एक मजला वर. काकासाहेब दोन पायऱ्या पुढे, तोंड बायकोकडे, हात कठड्यावर, मोजणी मोठ्यानं. देशपांडे दार उघडून म्हणाले, "काकासाहेब, धान्य आणलं का?"

"आणलं. पण उतरवायला वेळ लागतोय."

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी दुपारी शिवराज पोचला. दाराला कुलूप होतं. त्याने घाबरून वडिलांना फोन लावला. "नाना, कुठं आहात? आईला काही झालं का?"

"खिडकी नाय का जिन्यात? तिथून खाली बघ."

खाली भाजीच्या गाडीपाशी आई उभी होती, शेजारी नाना. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि ती भेंडी एकेक मोडून पाहत होती. "गेल्या महिन्यात यांना निब्बर भेंड्या दिल्या तू," ती भाजीवाल्याला सांगत होती. "मला वर बसल्या बसल्या कळतंय सगळं."

शिवराज धावत खाली आला. पिशवी त्याने घेतली. जिन्यापाशी आल्यावर त्याने आईपुढे हात केला.

"हात नको," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नाना दमलेत. तू मोज."

"एक," शिवराज म्हणाला.

मनकर्णाबाई पहिल्या पायरीपाशीच थांबल्या. पाय उचलेनात.

"लाभ म्हण," काकासाहेब मागून म्हणाले. "चोपन्न हायत, अन् उंबरा वरचा. मधी थांबू नको, नायतर तिला परत पहिल्यापासून करावं लागंल."

शिवराजने आईकडे पाहिलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, "लाभ."