ठेवणीतला टॅब

तुळसाला खोड एकच, पण ती भारी. चांगली वस्तू घरात आली रे आली की ती ठेवणीत जायची. लग्नातला शालू ठेवणीत, नव्या कपबशा ठेवणीत, आणि पाहुण्यांना चहा कान तुटलेल्या कपात. आता बोला!

सावर्ड्याजवळच्या वाडीत तिचा नवरा रावजी सात वर्षांपूर्वी पक्षाघातानं आडवा झाला. उजवी बाजू गेली नि वाचाही गेली. त्यांचा मुलगा विनीत मुंबईला नोकरीला. त्यानं बापासाठी टॅब आणला. पडद्यावर चित्रांची घरं. बोट लावलं की विनीतच्याच आवाजात शब्द निघायचा. पाणी. पेज. भायेर बसूया. डाव्या हाताचं बोट वळवायला रावजीला वर्ष लागलं, पण माणूस बोलता झाला.

एकदा दुपारी तुळसा चुलीपाशी असताना माजघरातनं हाक आली, "तुळसा!" बाई दचकलीच. चाळीस वर्षांच्या संसारात रावजीनं तिला 'अगो'शिवाय हाक मारली नव्हती. पदरात तोंड लपवून हसली ती. पुढं ही हाक रोजची झाली. "आले ओ," म्हणत ती हात पुसत जायची.

दोन वर्षांनी विनीतनं पुढच्या पिढीचा टॅब आणला. "आई, पहिला आता म्हातारा झाला. हा आणखी पाच वर्षं निभावेल. आत्ताच सगळं यात भरून घेऊया."

"जुना चालतोय ना? मग नवा कशाला झिजवायचा? राहू दे ठेवणीत."

विनीतनं कपाळाला हात लावला, पण तुळसापुढं कोणाचं काही चाललंय? टॅब खोक्यासकट ट्रंकेत, शालूखाली, डांबरगोळ्यांच्या सोबतीला गेला.

यंदा शिमगा झाला आणि एका सकाळी जुना टॅब सुरूच होईना. तुळसा मुळीच घाबरली नाही. दिमाखात ट्रंक उघडली, खोकं काढलं नि दोन्ही टॅब घेऊन बाजारात गौरवच्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात गेली. "ह्यातलं सगळं ह्यात भर."

गौरवनं खोक्याचं सील फोडलं. आत बॅटरी फुगून काच वर आली होती. "काकी, हा चार्ज कधी केलात?"

"हात पण लावला नाय. कोरा हाय."

"तिथंच घात झाला." त्यानं दुसरी बॅटरी घातली, टॅब सुरूही झाला, पण चित्रांचं ॲप त्यावर उतरेना. एवढ्या जुन्या टॅबला ते आता मिळतच नव्हतं. पहिल्याचा तर बोर्डच जळलेला, आणि विनीतचे आवाज सगळे त्यातच. "काकी, ह्याचं वय कारखान्यातनं निघतो त्या दिवसापासनं चालू होतं. पेटीत ठेवला म्हणून थांबत नाय."

तुळसा दुकानातच खाली बसली. आपल्या हातानं नवऱ्याची वाचा कुजवली, एवढंच तिला कळलं.

विनीतनं धावतपळत अगदी यंदाचा टॅब आणून दिला. त्यात कोणी शहरी बाई 'मला पाणी हवे आहे' म्हणायची. चित्रांच्या जागा बदललेल्या. रावजीचं बोट जुन्या जागी जायचं नि टॅब भलतंच बरळायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं तो लोटून दिला, आणि जुना, मेलेला टॅब पोटाशी ओढून त्याच्या काळ्या काचेवर बोट लावत बसला. तुळसानं पाणी दिलं, पेज दिली, खिडकी उघडली. रावजी मान हलवायचा आणि पुन्हा तिथंच बोट लावायचा.

रविवारी विनीतचा फोन आला. "बाबा बोट कुठं लावतात?"

"लावायचे. खाली, उजव्या कोपऱ्यात. बुधवारपासनं तेही सोडलंनी."

"आई, तिथं तुझा फोटो होता."

ती हाक तिनं कायम चुलीपाशी ऐकलेली. तेव्हा बोट कुठं पडतं ते कधी बघितलंच नव्हतं. तुळसा धावत माजघरात गेली, रावजीचा हात उचलला आणि त्याचं बोट त्या कोपऱ्यावर टेकवलं.

"आले ओ," ती म्हणाली. "आले मी. बोला."

रावजी आढ्याकडं बघत होता. तिनं हात सोडला तसं बोट काचेवरनं घसरून अंथरुणावर पडलं.