सोबतीला दिलेली पोर

हिवाळ्यातील दुपार होती. अंगणात चटईवर बसून सुलोचनाबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या आणि त्यांच्या सुपातले मूठभर दाणे पळवून नात खुशबूने जमिनीवर रांग मांडली होती. समोर तिचा मोठा भाऊ अश्विन कपाळाला आठ्या घालून बसला होता.

“मीना पुढून सातवी, मागून नववी. रांगेत पोरं किती?” खुशबूने विचारले.

“सोळा.”

“हे घे, ही मीना.” तिने एक दाणा बोटाने दाबून धरला. “पुढून मोजलं तवा मीना आली. मागून मोजलं तवा पुन्हा आली. एकीले दोनदा कायले मोजून राहिला? तिले दोन डोके आहेत का?”

अश्विनने दाणे मोजले. “पंधरा!”

“उगवला एकदाचा दिवस!”

“लवकर मोजा रे बापा,” सुलोचनाबाई हसत म्हणाल्या, “नाहीतं तुमच्या मीनाचं वरण करून टाकीन मी.”

गोरेगाव तालुक्यातील त्या खेड्यात या घराला मान होता. सुलोचनाबाईंच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि पुढे लेकीला शाळेत घातले, त्या वेळी गावात मुलींना कोणी पाटी देत नसे. शिक्षणाचा तो अभिमान त्यांनी आयुष्यभर कुंकवासारखा नव्हे, तर कण्यासारखा बाळगला. त्यांचा मुलगा चंद्रशेखर विहार समितीचा सचिव होता. दरवर्षी जयंतीला तो मुलींच्या शिक्षणावर असे बोलत असे की, म्हाताऱ्या बायका डोळे पुसत.

खुशबू अश्विनहून वर्षाने लहान. तरी दोघे एकाच वर्गात होती. शाळेच्या पहिल्या दिवशी अश्विन एकटा बसेना, रडून त्याने वर्ग डोक्यावर घेतला, म्हणून चिमुकल्या खुशबूलाही त्याच्या शेजारी बसवण्यात आले. “राहू द्या सोबतीला,” असे सर्वजण म्हणाले. सोबतीला बसलेली ती पोर भावाच्या आधी वाचू लागली.

आता दोघे पाचवीत होती. नवोदय या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला पाचवीत एकदाच बसता येते. पावसाळ्यात अर्ज सुरू झाले, तेव्हा सुलोचनाबाईंनी मुलाला समोर उभे करून बजावले होते, “दोघांचेही भर.” चंद्रशेखर म्हणाला होता, “हो आई.” या घरात त्यांना एकदा सांगितलेले पुन्हा विचारावे लागत नसे, म्हणून त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

परीक्षेच्या सकाळी घरी बुद्धवंदना झाली. सून अल्काने लेकीच्या दोन वेण्या घातल्या, सोडल्या आणि पुन्हा घातल्या.

“माय, किती वेळ लावून राहिली! बेल होऊन जाईल,” खुशबू म्हणाली. अल्काने रिबिनीची गाठ आणखी आवळली.

सर्वजण ऑटोने गोरेगावला गेले. प्रवेशपत्राचे पाकीट चंद्रशेखरच्या खिशात होते, ते कोणी उघडून पाहिले नव्हते. केंद्राच्या फाटकाशी गर्दी होती. पालक शेवटच्या सूचना देत होते, मुले घाबरून पाणी पीत होती. अश्विन आत गेला. त्याच्यामागे पाऊल टाकणाऱ्या खुशबूचा दंड चंद्रशेखरने धरला.

“तू येथंच थांब.”

“बाबा, बेल होऊन राहिली ना!”

“तुझा अर्ज नाही भरला.”

“विसरले का तुम्ही?”

चंद्रशेखरने नजर वळवली. तो विसरला नव्हता, हे पोरीला त्या वळलेल्या मानेवरून कळले.

सुलोचनाबाई पुढे आल्या. “चंद्रशेखर, म्या तुले काय सांगितलं होतं?”

“आई, हळू बोल. लोक आहेत. दोघंही गेले तं घर सुनं होते. अन् समज, हिचा नंबर लागला अन् त्याचा नाही लागला, तं गावात पोरगा तोंड कसा दाखवन? मन मोडलं असतं त्याचं.”

“अन् तिचं?”

“पोरगी आहे ती. समजून घेते.”

“मंग वर्षभर तिले अभ्यासाले कायले बसवलं?”

“तिच्याबिगर तो बसतच नाही ना, आई. सोबत होती.”

खुशबूने आईकडे पाहिले. “माय, तुले माहीत होतं?”

अल्काची मान खाली गेली. त्या वेण्या दोनदा का घातल्या गेल्या, हे तेव्हा पोरीच्या ध्यानात आले. तिने हातातील नवा पेन वडिलांपुढे धरला. “ठेवा. दादाचा नाही चालला तं लागन.”

ती रडली नाही. रडली असती तर सुलोचनाबाईंना बरे वाटले असते. परीक्षा सुटेपर्यंत ती फाटकाबाहेर भावाचे दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली. आणि ज्या मुलाने आपल्या आईचा शब्द तोंडावर झेलून पाठीमागे टाकून दिला, त्या मुलाशी सुलोचनाबाई त्या दिवशी एक अक्षरही बोलल्या नाहीत.

पुढे अश्विनची निवड झाली. घरी पेढे आले. त्याच सुमारास वर्गशिक्षक सेवकराम गुरुजी अंगणात येऊन म्हणाले, “आजी, खुशबूले काय झालं? साधी बेरीज चुकते आजकाल.”

गुरुजी गेल्यावर सुलोचनाबाईंनी नातीला जवळ घेतले. “काऊन चुकतेस माय? तुले येत नाही, असं नाही.”

खुशबू सहज म्हणाली, “बरोबर आलं का सोबतीले धरतात, आजी. चुकलं का सोडून देतात.”



जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर मंडप होता. समितीने अश्विनचा आणि त्याला घडवणाऱ्या वडिलांचा सत्कार ठेवला होता. हार घालण्याचा मान घरातील वडीलधाऱ्या म्हणून सुलोचनाबाईंना होता. चंद्रशेखरचे भाषण झाले. “मुलगा-मुलगी भेद नको” या शब्दांवर टाळ्याही पडल्या. बायकांच्या रांगेत खुशबू पाण्याचे पेले वाटत होती.

पाहुणे म्हणून आलेले निवृत्त मुख्याध्यापक गुलाबचंद कौतुकाने अश्विनला म्हणाले, “बाळ, एक गणित सांग. रांगेत एक मुलगी पुढून सातवी अन् मागून नववी. रांगेत मुले किती?”

ध्वनिक्षेपक समोर आला तसा अश्विन गोंधळला. सवयीने त्याची नजर बायकांच्या रांगेकडे गेली. मंडपाने ती नजर पाहिली.

“सांग ना बाई, भाऊ तुलेच विचारून राहिला,” कोणी तरी खुशबूला हसत म्हणाले.

खुशबूने पेला खाली ठेवला. “सोळा.”

“हात्!” मागून एक म्हातारा म्हणाला. “म्हणून तं पोरगा गेला नवोदयले!” हशा उसळला.

अश्विन हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला. “खोटं सांगून राहिली ती!” तो ध्वनिक्षेपकातच ओरडला. “पंधरा होतात. तिनंच शिकवलं मले. एकीले दोनदा मोजाचं नाही, असं तिनंच सांगितलं होतं!”

हशा थांबला. सुलोचनाबाई उठल्या. हार घेऊन उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या हातातून त्यांनी हार घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

“हा हार मी घालणार नाही.”

“आई, लोक पाहून राहिले,” चंद्रशेखर पुटपुटला.

“पाहू दे. त्यायलेच दाखवाचं आहे.” त्या मंडपाकडे वळल्या. “या पोराले शिकवणारी तेथं पाणी वाटून राहिली. माझ्या घरात कामाले तिले दोनदा मोजलं, बहीण म्हणून अन् मास्तरीण म्हणून. परीक्षेच्या रांगेत एकदाही मोजलं नाही. काऊन, तं ती भावाच्या पुढं जाईल म्हणून. चंद्रशेखर, भाषण तं झालं तुझं. आता हे सांग. तुझ्या तोंडानं सांग.”

चंद्रशेखर ध्वनिक्षेपकापासून मागे सरला. अल्का मात्र उठली. ती लेकीजवळ जाऊन बसली, तिचा हात धरू लागली. खुशबूने तो धरू दिला, पण आपण धरला नाही.

“आठवीत पुन्हा परीक्षा असते नवोदयची, नववीसाठी,” सुलोचनाबाई नातीपाशी येऊन म्हणाल्या. “जागा थोड्या असतात, पण असतात. अर्ज मी भरीन. सेवकराम गुरुजीले सोबत घेऊन, माझ्या डोळ्यांपुढं भरीन. बसशील ना?”

खुशबूने आजीकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. पूर्वीचा विश्वासही नव्हता. तिने फक्त खरोखरच जाणून घ्यायचे असल्यासारखे विचारले,

“तवा कोणाची सोबत कराची आहे, आजी?”

“कोणाचीच नाही,” सुलोचनाबाई म्हणाल्या. आयुष्यभर ज्यांचा शब्द घरात कायदा होता, त्या बाईंना आपलाच शब्द त्या क्षणी हलका वाटला, कारण तो एकदा मोडला गेला होता. तो पुन्हा जड करायला आता तीन वर्षे होती. आणि मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एखादी खुशबू कोणाच्या तरी सोबतीला बसलेली होती.