वेळ काढण्यापुरतं भाषण

माझ्या सासरेबुवांना "चार शब्द बोला" असं कोणी म्हणू नये, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बागेच्या समितीचा सेक्रेटरी मात्र नवा होता. नव्या कारंज्याच्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते, ते वाटेत कुठेतरी अडकले, आणि जमलेले लोक उठून जाऊ नयेत म्हणून या गृहस्थाने सासरेबुवांच्या हातात माइक दिला. "मंत्री येईपर्यंत तेवढं लोकांना धरून ठेवा," म्हणाला. सासरेबुवा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी घसा खाकरला आणि गावातल्या पहिल्या विहिरीपासून सुरुवात केली.

त्यांच्या नमनालाच घडाभर तेल लागतं. विहिरीवरून ते हातपंपावर आले, हातपंपावरून टाकीवर. टाकीला व्हॉल्व्ह किती आणि त्यातला कोणता कधी गळायला लागला, हे सुरू झाल्यावर मागच्या रांगांनी काढता पाय घेतला. मग मधल्यांनी, मग पुढच्यांनीही. माझी बायको आणि सासूबाई घरीच होत्या, त्यांचा जन्माचा वाटा केव्हाच ऐकून झालाय. मी एकटा जावई म्हणून पहिल्या रांगेत सापडलो होतो. दुसऱ्या व्हॉल्व्हपर्यंत तग धरला. मग जागा राहावी म्हणून खुर्चीवर पिशवी ठेवली, कंबरेत वाकून निघालो आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथे अर्धं गाव भेटलं.

चहाचा कप तोंडाला लावतोय तोच बागेत स्फोट झाला.

मंत्र्यांसाठी ठेवलेला बॉम्ब होता तो, पहिल्या रांगेच्या टोकाला, शोभेच्या कुंडीत. मंत्र्यांना उशीर झाला तरी बॉम्ब काही त्यांच्यासाठी थांबला नाही. लोक बाहेर पळत होते आणि मी आत. पळताना मी मनात एवढंच घोकत होतो की हा माणूस जिवंत असू दे, मी सगळे व्हॉल्व्ह ऐकीन. ते मंचावरच्या जाड लाकडी स्टँडमागे मातीने माखून बसले होते. कपाळावरून रक्त येत होतं. मला बघून त्यांनी विचारलं, "माइक चालू आहे ना?"

मेलं कोणीच नाही. पुढच्या रांगांचा चक्काचूर झाला, पण त्या रिकाम्या होत्या. फक्त पहिल्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला मीटरवाला बसला होता, सासरेबुवांच्या हाताखाली मीटर वाचायचं काम केलेला. त्याचा पाय मोडला, तोही वाईट मोडला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी रीघ लागली. धडधाकट माणसं डोळ्यांत पाणी आणून सासरेबुवांचे हात धरायची आणि म्हणायची, "तुमच्यामुळे वाचलो." "मी काय केलं?" असं त्यांनी विचारलं की मूग गिळून बसायची. काय सांगणार बिचारी? शिंप्याने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्याच्या बायकोने त्याला चिमटा काढला.

आम्ही स्वयंपाकघरात गुप्त बैठक घेतली. सासरेबुवांना काहीही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. "निवृत्तीनंतर भाषणं तेवढी राहिलीत त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "तीही गेली तर माणूस खचेल. आणि दिवसभर माझ्यामागे इथे फिरेल, ते वेगळंच." मग बायकोने कारण शोधून काढलं. समितीने फाटकापाशी फुकट चहा ठेवला होता, म्हणून लोक उठले. सासरेबुवांनी ते ऐकून घेतलं, सेक्रेटरीला दोन शिव्या हासडल्या आणि विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं.

पण पोलिसांना फुकट चहा चालत नाही. स्फोटाच्या आधी उठलेल्या प्रत्येकाला त्यांनी बोलावून "का उठलात?" असं विचारलं, आणि गावाने बिनदिक्कत खरं सांगून टाकलं. सगळ्यांचं एकच उत्तर आल्यावर इन्स्पेक्टरला आधी तोच मोठा कट वाटला. खोटं फक्त मी बोललो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. सासऱ्याच्या भाषणाला कंटाळून पळालो असं पोलिसांच्या कागदावर कसं घालायचं? मी सांगितलं, फोन आला होता.

दोनच दिवसांनी मला परत बोलावलं, आणि सासरेबुवांनाही. सगळ्या बागेत लोकांकडे तोंड करून उभे होते ते एकटेच, म्हणून. कपाळाला पट्टी बांधून ते माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसले.

"तुम्ही खुर्चीवर पिशवी ठेवलीत आणि निघून गेलात," इन्स्पेक्टर मला म्हणाला. "थोड्या वेळात स्फोट झाला. फोन आला होता म्हणालात. आम्ही पाहिलं, त्या वेळात तुम्हाला एकही फोन नाही."

"पिशवीत चष्म्याच्या फ्रेमा होत्या, साहेब. माझं चष्म्याचं दुकान आहे."

"मी पिशवीचं विचारत नाही. का उठलात?"

माझी पाचावर धारण बसली. खरं सांगावं तर शेजारी सासरा, न सांगावं तर कोठडी. "पोट बिघडलं होतं," मी म्हणालो.

"आणि चहा पीत होतात?"

"कोरा होता."

इन्स्पेक्टरने शिपायाला हाक मारली. शिपाई दारात येऊन उभा राहिला, तेव्हा सासरेबुवा बोलले.

"पुरे करा, जावईबापू. साहेब, हे दुसऱ्या व्हॉल्व्हला उठले. नेहमी दुसऱ्याच व्हॉल्व्हला उठतात. स्वतःच्या लग्नातसुद्धा उठले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं भाषण कंटाळवाणं असतं. लिहून घ्या. उभं राहून बोलणाऱ्याला सगळं दिसतं, साहेब. कोण जांभई गिळतो, कोण कोणाला कोपर मारतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "बाबा, तसं नाही, तो फुकट चहा..."

"तो सेक्रेटरी सख्ख्या बापाला फुकट चहा पाजायचा नाही."

इन्स्पेक्टरने शिपायाला हाताने परत पाठवलं. त्याला हसू आवरत नव्हतं. "मग लोक जाताना दिसत होते तर तुम्ही थांबला का नाहीत?"

सासरेबुवांनी कपाळावरची पट्टी चाचपली. "मीटरवाला बसला होता ना," ते म्हणाले. "टक लावून ऐकत होता. एकेका व्हॉल्व्हला मान डोलावत होता. मला वाटलं, एक तरी आहे." मग ते टेबलाकडे बघून म्हणाले, "मी गप्प बसलो असतो तर तोही चहाला गेला असता. बाकीचे माझ्यामुळे वाचले म्हणतात. त्याला मीच तिथे बसवून ठेवला."

इन्स्पेक्टरने जबाबाची वही मिटली. मला सोडलं. बॉम्ब ठेवणारेही पुढे पकडले गेले, पण घरात त्याचं कोणाला काही वाटलं नाही, कारण सासरेबुवा बोलेनासे झाले होते.

आम्हाला सवयच नव्हती. सासूबाईंनी मुद्दाम विचारलं, मोरीचा नळ का गळतोय? एरवी या प्रश्नावर दुपार निघाली असती. "वायसर बदला," एवढंच म्हणून ते उठून गेले. सासूबाई पदराने डोळे पुसत माझ्याकडे आल्या. "जावईबापू, त्यांना मीटरवाल्याकडे घेऊन जा. स्वतःहून जायचे नाहीत."

मी त्यांना जवळजवळ ओढतच हॉस्पिटलमध्ये नेलं. वॉर्डच्या दारात ते अडले. आत मीटरवाला पाय वर टांगून पडला होता. त्याने आम्हाला बघितलं.

"या, साहेब. बरं झालं आलात. एक सांगायचं होतं, रागावणार नसलात तर."

सासरेबुवा खाटेपाशी गेले.

"त्या दिवशी मी झोपलो होतो, साहेब," मीटरवाला म्हणाला. "खुर्चीत टेकलो तो हातपंपालाच डोळा लागला. तुमचं एक अक्षर कानावर पडलं नाही. जागा असतो तर मीही गेलो असतो चहाला. तुमच्यासाठी वगैरे काही बसलो नव्हतो मी."

मी सासरेबुवांकडे बघितलं. मान डोलावणारा माणूस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. त्यांनी मीटरवाल्याच्या टांगलेल्या पायाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. मग स्टूल ओढून ते त्याच्या उशाशी बसले.

"तरीच," ते म्हणाले. "घोरत होतास. मला वर ऐकू येत होतं."