कव्हरापुरतं काम

काकींना गाडी घ्यायची होती. तीही चालणारी नाही, बंद पडलेली. साठेक वर्षांची, गोल दिव्यांची, जिचा प्रत्येक नट उघडून, घासून, पुसून पुन्हा जागेवर बसवता येईल अशी. घरात हे सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला, "बरं" म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. हा माणूस जन्मात कधी दोन शब्दांच्या वर गेला नाही, तेव्हा त्याचं "बरं" म्हणजे भाषणच समजायचं.

खरा तमाशा झाला तो थोरल्या दिरांच्या कानावर गेल्यावर. त्यांना सगळे दादाच म्हणत, काकीसुद्धा. गॅरेज त्यांचं. त्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला, टायरांच्या ढिगाशेजारी, काकींचं शिलाई मशीन सत्तावीस वर्षं मांडलेलं होतं. गाडी आली की मेकॅनिक तिच्या सीटा सोडवून काकींच्या पुढ्यात आणून टाकायचे, काकी कव्हर शिवायच्या, की ते सीटा उचलून न्यायचे. कुठल्या गाडीची, कुणाची, कुठं चालली, काही पत्ता नाही. त्यामुळे काकी गाड्या ओळखत नसत, सीटा ओळखत. इतकी वर्षं गॅरेजात काढली आणि अख्ख्या गाडीशी त्यांची नीट गाठ म्हणून पडली नाही.

पण कान उघडे होते ना! सत्तावीस वर्षं शिवता शिवता त्यांनी ऐकलं होतं, की कुठला आवाज आला म्हणजे काय बिघडलं, कोण काय उघडतो आणि कोण नुसताच उघडल्याचं नाटक करतो. नवऱ्याच्या जुन्या स्कूटरचं इंजिन त्यांनी घरी एकटीनं खोललं आणि परत बसवलं, एकही भाग न उरता. दादांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "काहीच उरलं नाही? मग नीट बघ, काहीतरी चुकलंय," म्हणाले. गॅरेजातले सगळे हसले. काकीही हसल्या, कारण दादांच्या विनोदाला हसायची रीतच होती तिथं.

गाडीचं ऐकल्यावर मात्र दादांनी विनोद केला नाही. घे म्हणाले, हौस आहे तर घे, गॅरेजात आणून टाक. इंजिन मी बघतो, पत्र्याला आपला पत्रेवाला आहे, रंगाला रंगवाला आहे. तू सीटा कर. झालं! म्हणजे पैसे काकींचे, हौस काकींची आणि वाट्याला पुन्हा कोपऱ्यात दोन सीटा. काकींना गाडीत बसून मिरवायचं नव्हतं हो. एकदा, फक्त एकदा, अख्खी गाडी स्वतःच्या हातानं करायची होती. वय बावन्न. आता नाही तर काय पुढच्या जन्मी?

गाडी सापडली ती दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे. दवाखाना त्यांनी कधीच बंद केला होता आणि घरामागच्या शेडमध्ये पंधरा वर्षं एक गाडी झाकून ठेवली होती. एका दुकानाच्या काचेवर चिकटवलेली विक्रीची चिठ्ठी काकींनी वाचली. पत्ता ऐकताच दादा म्हणाले, मी येतो बरोबर, त्या गाडीचं इंजिन मीच केलंय, एकोणीस वर्षांपूर्वी. हिरा आहे हिरा. काकींना ते बरोबर यायला नको होते, पण थोरल्या दिराला नको कसं म्हणायचं?

डॉक्टरांनी झाकण ओढलं आणि काकींचा जीव नुसता हरखून गेला. गडद हिरवा रंग, रुंद मडगार्ड, पुढे दोन गोल दिवे. पण जीव हरखला म्हणून डोळे मिटायचे नसतात. त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली. जिथं लोखंड आहे तिथं ते चिकटे. मागच्या डाव्या चाकाच्या वर आलं आणि टपकन खाली पडलं.

इथं पत्रा नाही, पुट्टी भरलीय, काकी म्हणाल्या. डॉक्टर हसले. त्यांनी सांगितलं, की आपण जन्मभर लोकांच्या किडक्या दातांत तेच केलं, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करायची. दादाही हसले, जरा मोठ्यानंच.

त्यानंतर दादांनी सूत्रं हातात घेतली. बॅटरी त्यांच्या हातात, त्यामुळे उजेड पडेल तिथंच बघायचं. काकी गालिचा उचलायला वाकल्या तर दादा म्हणाले, तो तळ मीच रंगवून घेतलाय, ठणठणीत आहे. काकींनी डॉक्टरांना विचारलं, वायरिंग कसं आहे, तर उत्तर दादांनी दिलं. डॉक्टर मध्येच म्हणाले, की चार वर्षं चालवली पण दिवे सारखे जायचे, हॉर्न आपोआप वाजायचा, एकदा तर अंत्ययात्रेच्या मागे वाजत राहिला, म्हणून शेवटी वैतागून उभी केली. जुन्या गाड्यांचे नखरे असतातच, दादा म्हणाले. डॉक्टरांनीही मान डोलावली. ही गाडी त्यांनी एका व्यापाऱ्याकडून घेतली होती, ती दादांच्याच शब्दावर.

बॉनेट खाली आपटून दादांनी निकाल दिला. डोळे झाकून घे. उद्याच गॅरेजला ओढून नेऊ, दोन महिन्यांत नवी कोरी करून देतो.

काकींच्या मनात भलताच विचार आला. एकोणीस वर्षांपूर्वी गाडी आपल्या गॅरेजात होती, तर मग हिच्या सीटा मीच केल्या असणार! त्यांनी पुढचं दार उघडलं, आत बसल्या, आणि त्यांचा हात स्टिअरिंगकडे न जाता सवयीनं सीटखाली, कोपऱ्याच्या शिवणीवर गेला. तीन उलटे टाके आणि चौथा तिरका. त्यांचं पहिलं मशीन कोपऱ्यावर टाका सोडायचं, म्हणून त्यांनी स्वतःच काढलेली युक्ती होती ती. दुसरं कुणी असं शिवत नाही.

बोटांना टाका कळला आणि काकींना ती सीट आठवली. गाडी नाही, सीट. नदीला पूर येऊन गेला त्या वर्षीची. दोन माणसांनी धरून आणावी लागली होती इतकी जड, आणि वास असा, की तीन दिवस हाताचा जात नव्हता. काकींनी तेव्हा दादांना सांगितलं होतं, की आतला काथ्या चिखलानं भरलाय, सगळा काढून नवा भरते. दादांनी मान वर न करता म्हटलं होतं, "तुझं काम कव्हरापुरतं. उद्या गाडी द्यायचीय." आणि काकींनी वरून कव्हर शिवलं होतं. छान, घट्ट, एक सुरकुती नाही. दादांनी चारचौघांत कौतुकही केलं होतं. त्या कौतुकानं आपल्याला बरं वाटलं होतं, हे आठवून आता काकींना स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी पर्समधून ब्लेड काढलं.

"डॉक्टर, ही शिवण उसवते मी. माझीच आहे. लागली तर परत शिवून देईन."

डॉक्टर उसवा म्हणाले. दादा मात्र लगबगीनं गाडीला वळसा घालून आले, दारात वाकले आणि डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "राहू दे. घरातली गोष्ट घरी बोलू."

सत्तावीस वर्षांत दादांनी काकींना इतक्या हळू आवाजात काही सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. पत्ता ऐकताक्षणी आठवलं होतं, आणि तरीही डोळे झाकून घे म्हणाले! गाडी एकदा गॅरेजात गेली की चिखल कुणाला दिसणार होता? भीती होतीच, खोटं कशाला सांगा. थोरला दीर, गॅरेजचा मालक, परक्या माणसासमोर त्याचं नाक कापायचं म्हणजे खेळ नव्हे. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. त्यांनी ब्लेड टाक्यात घातलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत शिवण उसवत नेली.

कव्हर बाजूला केलं तसा आतला वाळका चिखल भुरभुर खाली पडायला लागला. पिठासारखा बारीक, पिवळट. दाराखाली डॉक्टरांनी सकाळीच झाडलेल्या फरशीवर त्याची रास झाली. काकींनी काथ्या उपसून काढला. खाली स्प्रिंगा दिसल्या. अर्ध्या उंचीपर्यंत गंजून काळ्या पडलेल्या, त्याच्या वर स्वच्छ. मधली रेघ पट्टीनं मारावी तशी सरळ.

"पाणी इथपर्यंत होतं," काकी त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या. "ही गाडी पुरात बुडालेली आहे, डॉक्टर. तुमचे दिवे जात होते ते नखरे नव्हते."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि दादांना विचारलं, की गाडीला कधी पाण्याचा थेंब लागलेला नाही असं तुम्ही मला शेडच्या याच दारात उभं राहून सांगितलं होतं ना? दादांनी आवाज चढवला. त्या वर्षी सगळेच तसं करत होते, धंदा आहे, धर्मादाय नाही. आणि मग त्यांनी काकींकडे बोट केलं.

"मला काय विचारता? शिवलं कुणी? हिनंच. विचारा तिला."

गोष्ट तर खरी होती.

"हो, मीच शिवलं," काकी म्हणाल्या. "आत चिखल दिसत होता आणि मी वरून शिवलं. दादांनी सांगितलं म्हणून मी ऐकलं, पण हात माझे होते. डॉक्टर, तुमची चार वर्षं माझ्यामुळेही वाया गेली. मला माफ करा. आणि दादा, उसवलंय तेही मीच, तेवढं लक्षात ठेवा."

डॉक्टर भला माणूस. काकींवर ते चिडले नाहीत. म्हणाले, बाई, तुम्ही नसता तर मी हे झाकलेलंच वर घेऊन गेलो असतो. आता गाडी भंगारात देतो, तुम्हाला उगाच खेप पडली. दादांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चल म्हणाले.

"मी घेते," काकी म्हणाल्या.

दादांना वाटलं, संतापात बोलतेय. त्यांनी समजावलं, की बुडालेल्या गाडीत राम नसतो. वायरिंग सगळं बदलायचं, तळ कापायचा, इंजिनचा प्रत्येक भाग उघडायचा. एक नट सुखासुखी सुटणार नाही. शेवटी त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. हे धूड माझ्या गॅरेजात येणार नाही. माझा एकही माणूस याला हात लावणार नाही.

"तेच हवंय मला," काकी म्हणाल्या. "धडधाकट गाडी घेतली असती तर तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतली असती आणि मला सीटा दिल्या असत्या. हिला कुणी हात लावणार नाही. म्हणजे हिला हात फक्त माझा."

डॉक्टरांनी भंगारवाला देईल तेवढेच घेतले, एक पैसा जास्त नाही, आणि कागदांवर सही करून दिली. वर दातांची जुनी हत्यारं भरलेला एक डबा आणून काकींना दिला. कोपऱ्यातला गंज खरवडायला याच्यासारखं काही नाही, म्हणाले. काकींनी डबा उघडून एक टोकदार आकडा बोटावर टेकवून बघितला आणि डबा पर्समध्ये ठेवला.

मग त्यांनी नवऱ्याला फोन केला. तो टेंपो चालवायचा. टेंपो घेऊन आला तोवर काकींनी डॉक्टरांकडच्या पंपानं चाकांत हवा भरली होती आणि हँडब्रेक धरतोय की नाही ते चारदा ओढून बघितलं होतं. दादा फाटकाशीच उभे होते. धाकटा भाऊ उतरताच त्यांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. बायकोनं परक्यासमोर घराण्याची अब्रू काढली, वर हा सांगाडा गळ्यात बांधून घेतला, आता तू तरी तिला दोन शब्द सांग.

नवऱ्यानं फरशीवरचा चिखल बघितला. उघड्या स्प्रिंगांवरची रेघ बघितली. काथ्याच्या धुळीनं माखलेले बायकोचे हात बघितले. दादांच्या हातातून त्यानं दंड हळूच सोडवून घेतला आणि काकींना विचारलं, "दोरी कुठं बांधू?"

मोजून तीन शब्द. एकाच दमात. काकींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण रडायला वेळ नव्हता. त्यांनी वाकून पुढच्या ॲक्सलची जागा दाखवली.

सगळं बांधून झालं, काकी स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या, तरी दादा हलले नाहीत. गाडीच्या खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, आवाज पुन्हा मालकाचा, की मग गॅरेजातल्या सीटांचं काय? परवा दोन गाड्या द्यायच्यात.

"मशीन मी आज संध्याकाळी घरी नेतेय," काकी म्हणाल्या. "सीटा तिकडे पाठवा, शिवते. पण आधी आत हात घालून बघीन, आणि चिखल निघाला तर गिऱ्हाइकाला सांगीन. चालणार असेल तर पाठवा."

दादांचा चेहरा असा झाला होता, की डॉक्टरांनी बघून विचारलंच असतं, कुठला दात दुखतोय.

टेंपो सुरू झाला. दोरी ताणली, गाडी एकदा करकरली आणि पंधरा वर्षांनी जागची हलली. डॉक्टर आतून उशी घेऊन धावत आले. बाई, खाली नुसत्या स्प्रिंगा आहेत, बोचतील. काकींनी मान हलवून नको म्हटलं. बोचत तर होत्याच. पण स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून त्या ताठ बसल्या आणि गाडी फाटकातून बाहेर काढली.