तिसऱ्या हौदाचं पाणी

टिपकागदावर थेंब पसरत गेला… कडेला तेलाचं पिवळट वलय उमटतंय का, म्हणून लवूने श्वास रोखून पाहिलं—नाही. कागद नुसताच ओला झाला होता. सात महिने हे वलय त्याच्या मागे होतं, आमटीवरच्या तवंगातसुद्धा तेच दिसायचं. "तुम्ही चाळीच्या दारात यायच्या आधी तुमचा वास येतो," असं घाटकोपरच्या खोलीत बायको शेवंती म्हणायची, आणि तो हसायचा, कारण त्या वासातला तेलाचा कुठला आणि सडक्या गाळाचा कुठला, हे खाडीकाठच्या त्या अख्ख्या तेलशुद्धी कारखान्यात फक्त त्याचं नाक सांगू शकत होतं.

पहिल्या हौदात कारखान्याच्या सांडपाण्यावर तरंगणारं तेल काढून घ्यायचं, दुसऱ्यात तुरटीने गाळ बसवायचा, तिसऱ्यात वाळू आणि भट्टीची राख… राखेची युक्ती त्याची. पुस्तकात नव्हती ती. गिरणीच्या रंगखात्यात अकरा वर्षं हात रंगवलेल्या माणसाची होती. आणि अहवालावर नाव वरच्या साहेबाचं, नंदकुमारचं, बी.एस्सी.! चौथी पास माणसाची अक्कल चालते, नाव चालत नाही—हरामखोर रीत साली.

आज हे पाणी खाडीत जायचं नव्हतं. यंत्रं थंड करणाऱ्या नळांत ते परत घ्यायचं होतं. नळ तुंबले, तर पाणी सोडायच्या कागदावर सही करणाऱ्याची नोकरी गेली. नंदकुमारने पेनाला टोपण लावलं.

"लवू, अजून महिनाभर बघू या ना."

"काय बघतलात, साहेब? अहवालावर नाव घालताना थांबलात महिनाभर?"

"तोंड आवर. वाट लागेल तुझी."

"लागूदे. ह्यां पाणी माझां हा. आणा तो कागद हयसर."

सही वाकडी आली, पण ठसठशीत आली. झडप त्याने स्वतः फिरवली. नळ थरथरला, आणि पाणी गेलं… माझं पाणी, सात महिन्यांचं.

दुपारी डबा उघडला तर घास उतरेना. गिरणीत एकदा अख्खा ताग्यांचा ढीग माझ्या हातून डागाळला होता, तेव्हा मी पोटभर जेवलो होतो—कापड शेठचं होतं. आज मात्र कान सारखा त्या नळाकडे… भीती, चक्क भीती वाटत होती मला. आणि नंदकुमारने हात पसरून मागितली असती, तरी ही भीती मी त्याला दिली नसती.